लिंबाजीभाऊला दिलेलं तेल

ही गोष्ट अजून माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला सांगितली असती, पण तोवर तो उरला नव्हता. बहिणीला सांगावी म्हणून एकदा परळीला तिच्या घरी गेले, आणि तिनं केलेलं पिठलं-भाकर खाऊन तशीच परत आले. देवाला सांगितली का? नाही. देवासमोर बसले की मी भलतंच काहीबाही मागत बसते. तेव्हा आता तुम्हाला सांगते. तुमची-माझी ओळख नाही, हे एक बरं आहे.

थकवा आलाय, खरं सांगायचं तर. पापाचा म्हणा, वयाचा म्हणा — हल्ली दोन्ही एकाच गुडघ्यात दुखतं.

माजलगावात माझं गाड्यांच्या पार्टचं दुकान आहे. ट्रॅक्टर, जीप, पिकअप, उसाच्या ट्रॉल्या — त्यांचे बेल्ट, बेअरिंगं, रबरं, तेलं. दुकान आमच्या मालकांचं. ते अचानक गेले, तेव्हा तेरावा झाल्या झाल्या धाकटे दीर म्हणाले, "वैनी, हे बाईमाणसाचं काम न्हाई. चाव्या माज्याकडं द्या, तुमी घर बघा." मी चाव्या कमरेला लावल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन गल्ल्यावर बसले. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढचं कळावं म्हणून सांगते.

पहिले महिने लई वाईट गेले. लोक सामान घ्यायला कमी आणि मजा बघायला जास्त यायचे. एकानं येऊन विचारलं, "वैनी, डाव्या हाताचा पाना हाय का?" बाहेर त्याचे दोन सोबती तोंडावर रुमाल धरून हसत होते. मी म्हटलं, "होता की, काल तुझा बाप घेऊन गेला." त्या दिवसापासून डाव्या हाताचा पाना कुणी मागितला नाही. पण परीक्षा थांबली नाही. ह्याला कोणतं बेअरिंग बसतं, त्याला कोणतं तेल चालतं, ह्याची पट्टी त्याला लागेल का — आणि सगळे माझ्या तोंडाकडं बघत उभे. "ठाऊक नाही" असं एकदा म्हटलं असतं, तर दुपारपर्यंत ते दिराच्या कानावर गेलं असतं आणि संध्याकाळी चाव्या मागायला माणूस आला असता. म्हणून मी शिकले. रोज शिकले. कॅटलॉग उशाशी घेऊन झोपले. आणि त्या शिकण्यात एक वाक्य मात्र माझ्या जिभेवरून कायमचं पुसलं गेलं — मला ठाऊक नाही. ते पुसलं गेल्याचा मला अभिमान वाटायचा. आज काय वाटतं ते विचारू नका.

हे सगळं मी एकटीनं केलं असं लोक म्हणतात. खोटं आहे. लिंबाजीभाऊ होता.

लिंबाजी मिस्त्री म्हणजे मालकांचा दोस्त. आमच्या दुकानासमोर रस्त्याच्या पल्याड त्याचं गॅरेज. गॅरेज कसलं — चार पत्रे आणि एक लिंबाचं झाड. माझ्याहून वयानं मोठा, तरी मला अक्का म्हणायचा. त्या पहिल्या महिन्यांत तो आपलं काम टाकून माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचा, बिडी ओढायचं निमित्त करून. गिऱ्हाइकानं काही विचारलं आणि मी अडले, की तो दुसरीकडंच बघत मोठ्यानं बोलायचा — "कालच त्या पिकअपला अमुक बसवलं बाबा, झ्याक बसलं." मला उत्तर मिळायचं आणि कुणाला कळायचंही नाही. दीर भांडायला आले तेव्हा हाच मध्ये उभा राहिला. राखीपौर्णिमेला मी त्याला राखी बांधायची. ओवाळणी म्हणून तो जुनं, घासूनपुसून चकचकीत केलेलं काही ना काही आणायचा. एकदा मोटारीचा जुना भोंगा आणला होता. दाबला की म्हशीसारखा ओरडायचा.

आता तुम्ही म्हणाल, मग ह्या माणसाचं तू काय केलंस? थांबा. तिथवरच येते आहे. पाय उचलत नाहीत, एवढंच.

सिरसाळ्याच्या अलीकडं एका गावात बापूसाहेब म्हणून बडे जमीनदार होते. नाव सांगत नाही, भागातले लोक ओळखतील. त्यांच्या वडिलांनी कधीकाळी हैदराबादेतल्या कुणा नवाबाकडून एक गाडी घेतलेली — विलायती, दोनच माणसं बसतील अशी, डोक्यावर छत नाही, नाक लांबलचक. घोड्यासारखी पळणारी गाडी म्हणे. माझ्या पाहण्यात ती कायम गोठ्याशेजारच्या शेडमध्ये कडब्याखालीच असायची. बापूसाहेबांच्या मनात आलं, ही गाडी पुन्हा चालती करायची आणि दसऱ्याला सीमोल्लंघनाला हिच्यातून जायचं. वडील जायचे तसं. ते तसे दिलदार होते, पण हट्टी. पुण्याहून गाडी रंगवून आणली — डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल रंग, तोंड दिसावं असा. आणि यंत्राचं काम दिलं लिंबाजीभाऊला. का? तर वडिलांच्या वेळी लिंबाजीच्या बापानं ती गाडी हाताळली होती. त्या माणसाला एवढं पुरेसं होतं.

लिंबाजीभाऊ तेव्हा नव्या नवरदेवासारखा फिरत होता. दुपारची भाकर गाडीजवळच खायचा. बापूसाहेबांच्या पुतण्यानं ब्रेकचं आणि क्लचचं सगळं रबर परदेशातून मागवलेलं. ते आलं तेव्हा आधी माझ्या दुकानात घेऊन आला, फडक्यात गुंडाळून, लहान लेकरू दाखवायला आणावं तसा. वाटीच्या आकाराची काळी चकचकीत रबरं. ती सिलिंडरच्या आत बसतात. तुम्ही पॅडल दाबलं की तीच तेलाला पुढं रेटतात आणि चाक थांबतं. रबर चोख नसेल तर पॅडल आहे आणि ब्रेक नाही. एक लहान रबर जास्तीचं आलं होतं, ते नमुना म्हणून माझ्याकडंच ठेवून गेला.

मग भरायचं तेल.

त्यानं आधी साधंच ब्रेकचं तेल भरलं होतं — आपल्या जीपला घालतो ते. तेच बरोबर होतं. पण त्या तेलाची एक खोड आहे, रंगावर सांडलं की रंग उचलतं. त्या गाडीत ब्रेकच्या आणि क्लचच्या तेलाच्या डब्या बॉनेटखाली शेजारी शेजारी, अडचणीच्या जागी. भरताना थोडं ओघळलं. पुसेपर्यंत आतल्या पत्र्यावर तळहाताएवढ्या जागेचा नवा रंग सुरकुतला, दुधावरच्या सायीसारखा. आतल्या बाजूला होतं, दिसत नव्हतं. पण लिंबाजीभाऊ घाबरला. बापूसाहेब बोलले होते ना — "मिस्त्री, गाडी थोडी उशिरा चालू द्या, चालंल, पण रंगाला डाग पडला तर याद राखा." त्यानं सगळं तेल काढून टाकलं, नळ्या कोरड्या केल्या आणि माझ्याकडं आला. घटस्थापनेच्या आधीची गोष्ट.

"अक्का," म्हणाला, "रंग न खाणारं तेल हाय का? ब्रेकलाबी चालंल आन क्लचलाबी?"

उत्तर किती सोपं होतं बघा. साधंच तेल घाल, खाली फडकं पसर, सांडलं तर लगेच तांब्याभर पाणी ओत, त्यानं रंग वाचतो. झालं. किंवा त्याहून सोपं — भाऊ, ह्या गाडीचं मला ठाऊक नाही, पुण्याला फोन करून विचार. पण दुकानात तेव्हा दोन-तीन माणसं उभी होती. विलायती गाडीचं नाव ऐकून कान टवकारलेले. आणि त्यांत एक आमच्या दिराचा मेव्हणा होता.

माझ्याकडं खनिज तेलाचा एक डबा होता. मोठ्या ट्रॅक्टरचे ब्रेक तेलातच बुडालेले असतात, त्यांच्यासाठीचं तेल. ते रंगाला काही करत नाही. आणि औरंगाबादच्या एका विक्रेत्यानं मला कधीतरी चहा पिता पिता सांगितलं होतं, की काही भारी परदेशी गाड्यांच्या ब्रेकमध्ये खनिज तेलच असतं. काही गाड्यांच्या! कोणत्या, ते मी विचारलं नव्हतं. त्यांचं रबरही त्या तेलासाठी वेगळं बनवलेलं असतं, हे त्यानं सांगितलं नव्हतं, की सांगूनही माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं — देव जाणे. मी डबा काढून टेबलावर ठेवला.

"हे घाल. दोन्हीत हेच."

त्यानं डब्यावरचं चित्र बघितलं. "ट्रॅक्टरचं?"

"विलायती गाड्यांत हेच चालतं, भाऊ. रंगाला धक्का लागत न्हाई."

"आन रबर? रबर फुगायचं न्हाई ना?"

बघा, त्यानं विचारलं होतं. नेमकं तेच विचारलं होतं. मी म्हणाले, "मी सांगतीय ना." आणि दिराच्या मेव्हण्याकडं बघून हसले.

तो डबा घेऊन गेला. त्याला शंका होती, पण माझ्या शब्दापुढं त्यानं ती गिळली. माणसं आपल्यावर इतका भरवसा का ठेवतात हो? मी त्याला कधी सांगितलं होतं का, की ठेव म्हणून? — हो, सांगितलं होतं. रोज सांगत होते. सगळ्या गावाला सांगत होते.

दुकान रिकामं झाल्यावर माझं मन खायला लागलं. मग मी एक काम केलं. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत त्याच तेलाचं थोडं ओतलं, त्यानं नमुना म्हणून ठेवलेलं ते जास्तीचं रबर त्यात टाकलं आणि बरणी देवाच्या फोटोमागं सरकवून ठेवली. कळायचं असेल तर कळेल. मला वाटलं, मी लई शहाणपणा केला. घरी घट बसले, माझे उपास सुरू झाले, सणाच्या तोंडावर गिऱ्हाइकी वाढली, आणि मी बरणी विसरले. विसरले म्हणजे — बघायची टाळली. हे दोन्ही वेगळं आहे, नाही का?

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात. शेतकरी विळे-कुऱ्हाडी मांडतो, शिंपी कात्री मांडतो, मिस्त्री आपले सगळे पाने धुऊन, पुसून, ओळीनं लावून हळदीकुंकू वाहतो. आणि एकदा पुजलेलं हत्यार दसरा झाल्याशिवाय उचलायचं नाही. त्या दिवशी सगळ्या बाजारात एक पाना वाजत नाही. मीही सकाळी दुकान झाडायला घेतलं, फोटो पुसायला काढला, आणि बरणी हाताला लागली.

रबर बाहेर काढलं. भिजवलेल्या हरभऱ्यासारखं टंच फुगलं होतं ते. बोटात दाबलं तर मऊ, कडा लिबलिबीत. मूळ मापाच्या नळीत घालून बघितलं, शिरेना. हातातलं तेल मी पदराला पुसलं. मला कळलं. अगदी स्वच्छ कळलं. हेच आता त्या गाडीत, ब्रेकच्या सिलिंडरमध्ये आणि क्लचच्याही, चाललंय. आणि उद्या दसरा.

आता इथं मी स्वतःला बरीच वर्षं काय सांगत आले ते ऐका. की त्याची हत्यारं पुजेत होती, त्यानं पाना उचलला नसता. सणाच्या दिवशी कशाला त्याला घोर लावायचा. लई सोयीचं वाटतं ना? पण मालकांना पहिल्यांदा छातीत कळ आली होती तीही खंडेनवमीलाच. आमची जीप चालू होईना. ह्याच लिंबाजीनं हळदीकुंकू लावलेला पाना देवासमोरून उचलला, जीप चालू केली, आणि स्वतः चालवत त्यांना अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं. त्या खेपेला मालक वाचले ते त्यामुळं. त्यानं नियम मोडला असता. मी एक शब्द बोलले असते तर हसत मोडला असता. म्हणजे ते कारण नव्हतं.

कारण एवढंच होतं, की मला म्हणावं लागलं असतं — माझं चुकलं, मला ठाऊक नव्हतं.

मी मोबाइल हातात घेतला. त्याचं नाव काढलं. आणि तेवढ्यात त्याचाच फोन आला! खरं सांगते, मी दचकले. सणाचा रामराम करायला फोन केला होता त्यानं. आवाजात नुसता आनंद. "अक्का, काल गावाभवती चक्कर मारली, गाडी लई झ्याक चालती. बापूसाहेब तर पोरासारखे हसत हुते. उद्या सीमेवर या तुमी, आपट्याचं सोनं घ्यायला, गाडी बघायला." आणि मग, फोन ठेवता ठेवता — "पॅडल जरा घट्ट लागतंय अक्का. चाकंबी जरा धरल्यासारखी वाटत्यात. नवं रबर हाय म्हणून असंल, न्हाई का?"

फुगलेलं रबर माझ्या दुसऱ्या हातात होतं.

मी म्हणाले, "हां भाऊ. नवं हाय. चालून चालून बसंल जाग्यावर."

हे ते वाक्य. तुम्हाला हेच सांगायचं होतं. चुकीचं तेल दिलं ही चूक झाली, चूक कुणाचीही होते. पण हे वाक्य चूक नव्हती. हे मी जाणूनबुजून, शुद्धीत, उपासाच्या पोटी, देवाच्या फोटोसमोर उभी राहून बोलले.

दसऱ्याला मी गेले नाही. डोकं दुखतंय म्हणाले. दुपारी तरी फोन करता आला असता. केला नाही. मी मनात म्हणत होते, गाव छोटं, चाल हळू, काय होणार आहे? एवढ्याशा अंतरात काय होतंय?

जे झालं ते नंतर लोकांनी सांगितलं. सीमेवर जायची वाट कालव्याच्या कडेनं, शेवटी उतार. पुढं वाजंत्री, लेझीम, बाया-पोरं, आणि मागं ती लाल गाडी, चालवायला स्वतः बापूसाहेब. लिंबाजीभाऊ दाराला हात लावून बाजूनं चालत होता, गाडी जणू त्याचीच. चाकांतून आधी जळका वास यायला लागला, कारण ब्रेक धरून राहिले होते. उतारावर बापूसाहेबांनी पॅडल दाबलं, ते खाली गेलं आणि वर आलंच नाही. क्लच दाबला तर सुटेना. म्हणजे थांबवणारं काही नाही, आणि इंजिन पुढं रेटतंच आहे. समोर सगळं गाव. बापूसाहेबांनी गाडी वळवून कालव्यावरच्या मोरीच्या दगडावर घातली. माणसं वाचली. बापूसाहेबांचा खुबा मोडला. पुढं ऑपरेशनं झाली, पण तो माणूस पुन्हा नीट चालला नाही. घोड्यासारखा चालणारा माणूस — काठी, मग वॉकर, मग खाट.

सणाच्या गडबडीतून बाहेर पडल्यावर बापूसाहेबांचा पुतण्या माझ्या दुकानात आला. चार माणसं सोबत. लिंबाजीभाऊलाही आणलेलं. त्याचे डोळे सुजलेले, सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली. पुतण्या मला नीट बोलला, मान देऊन बोलला. "अक्का, तुमाला ह्यातलं सगळं कळतं. एवढंच सांगा, तेल बरोबर हुतं का?"

तोवर बरणी मी घासून पालथी घातली होती. रबर चुलीत गेलं होतं.

"तेल बरोबरच होतं," मी म्हणाले. आणि तेवढ्यावर थांबले नाही. थांबता आलं असतं की नाही? पण माझ्या तोंडानं पुढं जोडलं, "बसवताना काही इकडंतिकडं झालं असंल तर ते मला कसं कळणार?"

लिंबाजीभाऊनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हा ओरडणार — कावून खोटं बोलता अक्का, मी विचारलं नव्हतं का, रबर फुगंल का म्हणून? त्यानं असं काही केलं नाही. तो स्वतःच्या हातांकडं बघायला लागला. तुम्हाला कळतंय का, काय झालं ते? त्याला माझा संशयच आला नाही. अक्का म्हणते तेल बरोबर, म्हणजे तेल बरोबर. मग उरलं काय? त्याचे हात.

"उलटं बसलं असंल," तो हळूच म्हणाला. "एखादं रबर उलटं बसलं असंल माज्याकडनं."

ते लोक त्याला मारायलाही धावले नाहीत. मारलं असतं तर कदाचित मी बोलले असते. कदाचित. एकजण फक्त म्हणाला, "जा बे, पुन्हा त्या वाड्याकडं फिरकू नको." तो गेला. सिलिंडर उघडून बघू द्या म्हणून त्यानं बापूसाहेबांच्या घरी हातापाया पडून विनवलं, ते कुणी उघडू दिलं नाही. पुढं गाडी हैदराबादचा कुणी शौकीन ट्रकवर लादून घेऊन गेला. उघडलं असतं तर त्याला एका नजरेत कळलं असतं. गाडी गेली त्या दिवशी मला शांत झोप लागली. ही गोष्टही सांगून टाकते, आता लपवून काय करू?

त्यानंतर लिंबाजीभाऊनं ब्रेकचं काम घेणं सोडलं. गाडी आली की आधीच सांगायचा, "इंजिन बघतो, ब्रेक न्हाई बघत. माज्या हातानं एकदा चूक झालीय." असं स्वतःहून सांगणाऱ्या मिस्त्रीकडं कोण येईल? हळूहळू पत्रे उतरले. मग तो कापसाच्या जिनिंगवर यंत्रांना ग्रीस मारायला जायला लागला. त्याची बायको कधीमधी दुकानात येऊन बसते. ती एकदा म्हणाली, "जेवून बसले की ह्यांची बोटं चालूच असत्यात वैनी, काहीतरी वाटीसारखं धरायचं, फिरवायचं, बसवायचं. मी म्हणते, काय करताव? तर म्हणत्यात, काही न्हाई." मी तिला चहा पाजला. दिवाळीला साडी दिली. राखी तर दर वर्षी बांधतेच आहे. त्याच्या मनगटाला गाठ मारताना मी त्याच्या तोंडाकडं बघत नाही, गाठ निसटते, आणि तो म्हणतो, "वय झालं आता अक्का तुमचं."

आता शेवटचं सांगते, ह्याच वर्षीचं.

बापूसाहेब वारले. दहाव्याला आम्ही नदीवर गेलो, बरीच माणसं होती. पिंड मांडला. कावळे बाभळीवर बसलेले, पण खाली एक उतरेना. तुम्हाला माहीत आहे, अशा वेळी गेलेल्या माणसाच्या मनात काय अडकलं असेल ते ओळखून शब्द द्यायचा असतो. थोरला मुलगा म्हणाला, आईला सांभाळतो. कावळा नाही. धाकटा म्हणाला, भाऊ-भाऊ भांडणार नाही. कावळा नाही. ऊन चढायला लागलं. लोक कुजबुजायला लागले.

तेव्हा मागच्या बाजूनं लिंबाजीभाऊ पुढं आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. चपला काढल्या, डोक्याचा रुमाल सोडला, हात जोडले. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बापूसाहेब, रबर म्या बसवलं हुतं. माज्या हातानं चूक झाली. तुमचा पाय माज्यामुळं गेला. मला पदरात घ्या."

मी बायकांत उभी होते, पदर कपाळापर्यंत ओढून. माझ्या आणि त्याच्या मध्ये बायकांची एक रांग, बस. माझं तोंड उघडलं का? नाही उघडलं. मी फक्त बाभळीकडं बघत होते आणि मनात म्हणत होते, येऊ नको, येऊ नको रे मेल्या, खोटं आहे ते.

कावळा आला. पिंडाला चोच लावली. "शिवला, शिवला," लोक म्हणाले. थोरल्या मुलानं पुढं होऊन लिंबाजीभाऊला मिठी मारली, आणि दोघं रडले. तो कावळा कशासाठी आला, मला ठाऊक नाही.

परत येताना तो माझ्यासोबतच जीपमधून आला. दुकानात बसला. मी चहा मागवला. बशीत ओतून, फुंकर घालून निवांत प्याला, कित्येक वर्षांनी असा निवांत. म्हणाला, "आज हलकं वाटतंय अक्का. इतकी वर्सं डोक्यात एकच, रबर सरळ बसलं हुतं का उलटं. रोज बसवून बघायचो मनात. आता उलटंच बसलं हुतं असं धरून चालतो. सुटलो. तसंच असंल ना?"

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. दिराचा मेव्हणा नव्हता, पुतण्या नव्हता, कुणी कुणी नव्हतं. दीर मरून गेले, दुकान माझं आहे, ते आता कुणी काढून घेत नाही.

मी म्हणाले, "असंल, भाऊ."

तो उठला, "येतो" म्हणाला, आणि जिनिंगच्या रस्त्यानं निघून गेला.

त्यानं रबरं सरळ बसवली होती. सगळीच्या सगळी, चोख. तेल मी दिलं होतं.